वेल्डरकाकांच्या वतीने

चर्चचे पाळकसाहेब प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मोज्यांवर उभे होते. पादत्राणे काढण्याची पाटी आतल्या दालनासाठी होती, पण त्यांनी ती बाहेरूनच पाळली होती. एका काखेत हेल्मेट, दुसऱ्या हातात बूट.

"घरी नाही आलो," ते म्हणाले, "कारण आईसमोर तू लगेच हो म्हणाली असतीस. मला तुझं खरं उत्तर हवंय."

तिचे हात तेलकट होते. ती गेज तपासत होती. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, गॅसच्या टाक्यांवरून उतरवलेली दाबाची गेजं तिच्याकडे येत. ती एकेक गेज पंपावर चढवायची, शेजारच्या प्रमाण गेजशी ताडून बघायची आणि काटा खरं बोलतो की खोटं, याचा दाखला लिहायची. दाखल्यावर प्रत्येक आकड्यापुढे अनिश्चितता लिहावी लागे. म्हणजे हा आकडा खरा, पण एवढ्या-तेवढ्याच्या फरकाने. ते लिहिल्याशिवाय तिचा एकही कागद बाहेर गेला नव्हता. घरी धाकटा भाऊ तिला मोजपट्टी म्हणायचा, आणि तिला ते नाव मनातून आवडायचं.

"वेल्डरकाकांचं ऐकलंस ना?"

"झडपेचं? हो. आई जाऊन आली."

वेल्डरकाका बाबांच्या वेळेपासून घरातलेच होते. हृदयाची झडप बदलायची होती. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा काकांनी ऐनवेळी नको म्हटलं. आता शुक्रवारची तारीख होती. हीसुद्धा टाळली, तर पुढे शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद शरीरात उरणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला स्पष्ट सांगितलं होतं.

"ते म्हणतात, गेजवालीला पाठवा," पाळकसाहेब म्हणाले. "तिने येऊन प्रार्थना करावी, मग बघू."

"मी?" ती एक पाऊल मागे सरली. "पाळकसाहेब, काकू गेल्या तेव्हा त्यांच्या घरी काय झालं, ते तुम्ही बघितलंय."

बघितलं होतं. दफनानंतर सगळे खोलीत गोल बसले होते आणि प्रार्थना एकेकाकडून पुढे सरकत होती. तिची पाळी आली. 'प्रभू, काकू आता' एवढं म्हणून ती थांबली. पुढचं 'तुझ्याजवळ आहेत' सगळ्यांना पाठ होतं, तिलाही. पण समोर वेल्डरकाका गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते, आणि जे आपण पाहिलेलं नाही ते या माणसाला ठणकावून कसं सांगायचं, या विचाराने तिची जीभ टाळ्याला चिकटली. खोलीत नुसता पंखा वाजत राहिला. शेवटी शेजारी बसलेल्या आईने तिचा हात दाबला आणि प्रार्थना पुढे नेली.

"आईला पाठवा ना. आई तासभर न थांबता प्रार्थना करेल."

"तेच म्हटलं मी. तर म्हणाले, त्या आल्या तर मी झोपेचं सोंग घेईन."

ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "हे चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल आहे."

"मला ते पाचारण वाटतं, देवाचं बोलावणं," ते म्हणाले. "फक्त या एका भेटीचं नाही. रुग्णभेटींचं काम करायला आपल्या चर्चच्या मंडळीत कोणी उरलेलं नाही. मी कितीतरी दिवस प्रार्थना करतोय की कोण, आणि अचानक हा हट्टी माणूस तुझं नाव घेतो."

"खरं सांगू?" तिने आवाज खाली आणला. "देव आहे हे मी मानते. त्यात काही बदललेलं नाही. पण हल्ली प्रार्थना करताना आत काही हलतच नाही. काटा शून्यावर असतो. काट्याला खरंच शून्य दाखवायचंय की तो अडकलाय, तेही कळत नाही. असलं गेज मी कुणाच्या टाकीवर लावू देणार नाही."

पाळकसाहेबांनी बूट खाली ठेवले. "मला अजून दर रविवारी पोटात गोळा येतो. बायकोला विचार, सकाळचा चहासुद्धा उतरत नाही. खात्री झालेल्या माणसांनाच बोलवायचं ठरलं असतं, तर मला कुणी बोलावलंच नसतं."

"पण तुम्ही शिकलायत त्यासाठी."

"शिकलोय. गोळा तरीही येतो." त्यांनी वाकून बूट चढवले. "गुरुवारी दुपारी भेटीची वेळ आहे. त्याआधी सांग."

काकांच्या मुलीच्या फोनने घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. आई भांडी घासता घासताच आनंदाने प्रार्थना करत होती. आईची प्रार्थना नळासारखी होती, फिरवला की सुरू.

"बापा, माझ्या लेकीला निवडलंस त्याबद्दल तुझे उपकार, तिच्या ओठांवर शब्द ठेव, आणि हो, तिला तो निळा ड्रेस घालायची बुद्धी दे."

"आई, प्रार्थनेत मला टोमणे मारू नकोस."

"मी त्याच्याशी बोलत होते. तू ऐकलंस, त्याला मी काय करू?"

भाऊ सोफ्यावर आडवा पडून हसत होता. "मोजपट्टी, प्रार्थनेचा शेवट कसा करणार? आमेन, अधिक-उणे दोन टक्के?"

"तू गप रे."

"नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. देवालासुद्धा वाटेल, अहवाल आला, सही करून पाठवू."

ती खोलीत गेली. दहा मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर आली, पुन्हा आत गेली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. एका जागी बसवेना. काकांचा चेहरा समोर येई आणि त्यामागे तो पंख्याचा आवाज. आपण जाऊन पुन्हा अडकलो तर? ते तिसऱ्यांदाही नको म्हणाले तर? मग त्या नकारात आपला वाटा किती? आणि गेलोच नाही तर किती? दोन्हीकडे काही ना काही निघत होतं आणि कुठलंच मोजता येत नव्हतं.

शेवटी तिला जे जमतं तेच तिने केलं. देवासमोर चाचणी मांडली.

हे तिने मनात अगदी नीट मांडलं. प्रभू, हे पाचारण तुझं असेल तर गुरुवारी दुपारची रजा मॅडम एका शब्दात देतील. मॅडम म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. रजेचं नाव काढलं की त्या आधी कॅलेंडरकडे, मग छताकडे आणि मग माणसाकडे बघायच्या.

मंगळवारी तिने विचारलं. मॅडम सूक्ष्म तराजूच्या पेटीत डोकं घालून बसल्या होत्या. "जा," त्या वर न बघताच म्हणाल्या.

एक शब्द. पण जागेवर पोचेपर्यंत तिने विचार केला, त्यांचा श्वास तराजूवर पडू नये म्हणून त्या जास्त बोलल्या नसतील. तराजूच्या पेटीत डोकं असताना तर कुणीही एकच शब्द बोलेल. ही खूण धरता येणार नाही.

मग तिने दुसरी मांडली. भांडारातला कारकून काही मागितलं तरी उद्या या म्हणायचा. त्याने आज न मागता काही दिलं, तर. दुपारी तो स्वतः चालत आला आणि तिच्या टेबलावर नव्या हातमोज्यांचं खोकं ठेवून गेला. "घ्या. तुमचे फाटलेत, बघवत नाही," एवढंच म्हणाला. ती खोक्याकडे बघत राहिली. मग तिला आठवलं की कालच नवा माल आला होता. म्हणजे तो सगळ्यांनाच वाटत फिरत असणार. तिने उठून बाकीची टेबलं पाहिली. दुसऱ्या कुणाच्याच टेबलावर खोकं नव्हतं. बहुधा अजून वाटायचे असतील.

बुधवारी सकाळी बसमध्ये तिसरी. मग जिन्यावर चौथी. ती तर तिला स्वतःलाच नीट आठवेना, इतकी घाईने मांडली होती. आदल्या रात्री आईने विचारलं होतं, ठरलं का? ती म्हणाली, माहिती जमवतेय. आई वळून भांडी घासू लागली, पण प्रार्थनेचा नळ सुरू झाला नाही, ते तिला जास्तच टोचलं.

बुधवारी तिच्यापुढे एका दवाखान्याच्या प्राणवायूच्या टाकीचं गेज होतं. तिने ते चढवलं. दाब टप्प्याटप्प्याने वर नेला, प्रत्येक टप्प्यावर काचेवर नखाने हलकी टिचकी मारून काटा मोकळा केला, वाचन घेतलं. मग तसंच टप्प्याटप्प्याने खाली आणलं. सगळी वाचनं मर्यादेत होती. तिने कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा पंप फिरवायला घेतला. दुसऱ्यांदाही मर्यादेत. ती तिसऱ्यांदा वर निघाली, तेव्हा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"खात्री करतेय."

"पहिल्यांदा पास झालं होतं?"

"हो."

"दुसऱ्यांदा?"

"हो. पण वाटलं की..."

"काही गळतंय? काटा अडकतोय?"

"नाही."

"मग नापास होईपर्यंत घेणार आहेस का?" मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "शंका आली तर शंकेचं कारण सांग, मी स्वतः तुझ्याबरोबर बसते. नुसतंच नापास करायचं मनात धरलं असेल, तर खुशाल शंभरदा चढव, एकदा कुठेतरी नापास होईल. त्याला तपासणी नाही म्हणत."

त्या निघून गेल्या. ती पंपाच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली. कानशिलं तापली होती, पण गेजमुळे नाही.

तिने देवासमोर जी चाचणी मांडली होती, तिच्यात नापास व्हायचीच सोय होती. हो आलं की कारण शोधायचं, कारण सापडलं की खूण बाद. आणि समजा एखाद्या वेळी नाही आलं असतं, तर? तर तिने दुसरं कारण शोधलं असतं का? नसतं. ते नाही तिने आनंदाने उचललं असतं, पाळकसाहेबांना फोन केला असता आणि संध्याकाळी पोटभर जेवली असती. तिला देवाकडून उत्तर नकोच होतं. तिला सुटका हवी होती आणि तिच्यावर देवाची सही हवी होती.

दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं, तर तिने तो कागद फाडला असता.

यातून काही खात्री झाली, असं नाही. आत काटा होता तिथेच होता. पण आता पाचवी खूण मागायला तोंड उरलं नव्हतं. तिने गेज उतरवलं, हात पुसले आणि पाळकसाहेबांना फोन लावला.

"मी उद्या जाते. तयार आहे म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा."

"बरं," पलीकडून आवाज आला, आणि मग, "मी बरोबर येऊ?"

"नको. तुम्ही असलात तर मी तुमच्याकडे बघत बसेन."

गुरुवारी तिने निळा ड्रेस घातला नाही. बसमध्ये जागा असूनही ती उभी राहिली. प्रार्थनेची चार वाक्यं तिने पाठ केली होती आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत येता येता ती चारही तिला खोटी वाटू लागली. फाटकातून ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. पहारेकरी म्हणाला, "ताई, काहीतरी एक ठरवा. दार अडतंय."

वॉर्डात सहा खाटा होत्या. वेल्डरकाका खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. एवढा रुंद माणूस, पण आता खांद्यांची हाडं सदऱ्यातून दिसत होती. हातांवर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग तेवढे तसेच होते. त्यांची मुलगी पायथ्याशी बसून मोसंबं सोलत होती, आणि ते कुणी खात नसूनही सोलतच होती. शेजारच्या खाटेवर एक टकले गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आलीस?" काका म्हणाले. "मला वाटलं, तुझ्याकडे यायला आधी मलाच पंपावर चढावं लागणार."

"काका, कसे आहात?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या झडपा बदलल्या. आता माझी बदलायला निघालेत. ती डॉक्टर पोरं बघितलीस? एकाला अजून धड मिशा नाहीत."

"बाबा," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या कित्येक जागलेल्या रात्री होत्या. "उद्या सकाळी न्यायचंय. त्यांना आज उत्तर द्यायचंय." मग हिच्याकडे वळून, "तूच सांग गं यांना."

"तिला मी काही सांगायला नाही बोलावलं," काका म्हणाले. "तू जरा चहा घेऊन ये."

मुलगी उठून गेली. काका तिच्याकडे बघत राहिले. तीच नजर, गुडघ्यांवर हात.

"तुला खात्री आहे?"

"कशाची?"

"की तो ऐकतो."

सोपं उत्तर ओठांवर होतं. ती म्हणाली, "आहे. पण ती सारखी नसते. कधी खूप असते. हल्ली कमी आहे. तरी मी मानते की तो ऐकतो. कमी असतानाही मानते. याहून नीट मला सांगता येत नाही."

काकांनी मान हलवली. "पाळकसाहेब चांगला माणूस आहे. पण येतो आणि उत्तरं देतो. मी प्रश्न विचारलेलाच नाही. तुझी आई येते, तिचं तर सगळं ठरलेलंच असतं. तू त्या दिवशी थांबलीस. मला वाटलं, ही न कळलेलं बोलणार नाही. म्हणजे हिला निरोप दिला तर तो आहे तसा पोचवेल."

"कसला निरोप?"

त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली. "तुझी काकू आजारी होती तेव्हा मी रोज मागत होतो. रोज. ती गेली आणि माझं तोंड बंद झालं. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. आणि उद्या मला छाती उघडून त्याच्या हातात द्यायचीय म्हणे. न बोलता कसं जाऊ? तू सांग माझ्या वतीने. मी रागावलोय, हे सांग. आणि मला भीती वाटते, हेही सांग. गोड करू नकोस."

तिची पाठ केलेली चारही वाक्यं गळून पडली. त्यांचा काही उपयोग नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली आणि नकळत तिच्या कामातला प्रश्न विचारला, "किती रागावलाय?"

काका दचकले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खूप. पण सोडून जाण्याइतका नाही. तसं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"आणि भीती कशाची? मरणाची?"

"नाही. वर गेलो आणि तिथे ती नसली, तर."

तिने डोळे मिटले.

"प्रभू, मी वेल्डरकाकांच्या वतीने बोलतेय. ते तुझ्यावर रागावलेत. त्यांनी काकूंसाठी रोज मागितलं आणि तू दिलं नाहीस. का, ते त्यांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. ते खूप रागावलेत, पण तुला सोडून गेलेले नाहीत, हे त्यांनी मला आत्ता सांगितलं. त्यांना भीती वाटते, की काकू तुझ्याजवळ नसतील. मी त्यांना दाखवू शकत नाही. तू म्हटलंयस, म्हणून मी ते मानते. उद्या त्यांना आत नेतील. तू..."

आणि ती थांबली.

त्यांना वाचव, असं म्हणायचं होतं. पण या माणसाने हेच एकदा रोज मागितलं होतं. त्या शब्दाचं पुढे काय झालं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वॉर्डात कुठेतरी यंत्र टिकटिक करत होतं. तिला वाटलं, आता आई नाही शेजारी.

"पुढे?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला. टकले गृहस्थ भिंतीकडून इकडे वळले होते. "अहो, थांबलात का? मीही डोळे मिटलेत."

काकांच्या छातीतून हसू आलं, त्याचा खोकला झाला. तिने घाईने पाणी पुढे केलं. खोकला ओसरल्यावर ते डोळे मिटूनच म्हणाले, "माग. मागून बघ. मला मागता येत नाही म्हणून तर."

"तू त्यांना वाचव," ती म्हणाली. "आम्हाला ते हवे आहेत. तू काय करशील ते मला माहीत नाही, तरी मी मागते. आणि उद्या तिथे त्यांच्याजवळ थांब. आमेन."

"आमेन," शेजारचे गृहस्थ म्हणाले. काकांनी चादर तोंडावर ओढली होती. चादरीखालून त्यांचे खांदे हलत होते.

मुलगी चहा घेऊन दारात कधीची उभी होती. काकांनी चेहरा पुसला. "काय बघतेस? त्या बिनमिशीच्या पोराला सांग, सकाळी न्या म्हणावं."

मुलीने पेले होते तिथेच जमिनीवर ठेवले आणि ती पळतच गेली.

इकडे ती खुर्चीतून उठली. काही उजळलं नव्हतं, आत काही हलल्याचं नोंदवता आलं नसतं, आणि उद्या काय होईल या विचाराने तिला आत्ताच घाम फुटला होता. बसस्टॉपवर जाऊन एकटीने बसावं, एवढीच इच्छा होती.

"बाई," टकले गृहस्थ म्हणाले, "माझं ऑपरेशन शनिवारी आहे. मी तुमच्या मंडळीतला नाही. कुठल्याच नाही. चालेल का?"

तिने दाराकडे पाहिलं. भेटीची वेळ अजून संपली नव्हती. मग तिने खुर्ची उचलली आणि दोन खाटांच्या मधून वळवून त्यांच्या उशाशी ठेवली.

"सांगा," ती म्हणाली. "काय सांगू तुमच्या वतीने?"